नाक माझं, चमचा सेलिनचा

ईरा, नील,

हे पत्र तुमच्या बाबाने मोठ्याने वाचून दाखवायचं आहे आणि मधलं काही गाळायचं नाही. रोहन, हे वाक्यही मोठ्याने वाच.

येत्या शुक्रवारी तुमच्या शाळेचं प्रदर्शन आहे. वर्गात पहिला आलेला ईराचा तक्ता आता सगळ्या शाळेपुढे लागणार. 'माझ्या घरातली संशोधक.' चित्रात पांढऱ्या केसांची, मोठ्या नाकाची मी, आणि माझ्या हातात एक चमचा. खाली चार ओळी : अतिदक्षता विभागातली लहान मुलं उपाशी राहू नयेत म्हणून माझ्या आजीने एक युक्ती शोधून काढली, वगैरे. चित्र फार सुंदर आहे. ओळी खोट्या आहेत. त्यात ईराची काही चूक नाही. मागच्या मे महिन्यात इथे गॅलरीत आंबे खाता खाता मीच तिला तसं सांगितलं होतं.

ती युक्ती जिने शोधली ती नऊ दिवसांपूर्वी गेली. सेलिन आजी. तुम्हाला ती लाल स्कूटरवरून आठवेल, किंवा सुकेळ्यांवरून. तिच्या वाडीतल्या केळ्यांची ती उन्हात वाळवलेली तपकिरी, चिकट केळी नीलने एका बैठकीत अकरा खाल्ली होती. ऑकलंड लांब आहे, पण शुक्रवार अजून यायचा आहे. ह्या पानांचे फोटो आजच फोनवर पाठवते, म्हणजे तक्ता बदलायला पाच दिवस आहेत.

मी हे तुम्हाला सरळ लिहायला बसले होते. तीनदा कागद फाडला. प्रत्येक वेळी मी स्वतःला थोडी बरी दाखवत होते. म्हणून आता तिलाच लिहिते. तिच्यापुढे मला ते कधी जमलं नाही. तुम्ही शेजारी बसून ऐका.

सेलिन,

आधी पोरांना समजेल असं सांगते. तू मध्ये बोलू नकोस.

आपल्या वसईच्या त्या इस्पितळात मुलांचा आयसीयू होता, सहा खाटांचा. तू तिथली इनचार्ज सिस्टर. मी आहारतज्ज्ञ, तळमजल्यावरच्या फीड रूमची मालकीण. ज्या मुलाला स्वतः श्वास घेता येत नाही, त्याच्या तोंडातून नळी घालून त्याला व्हेंटिलेटरला जोडतात. त्याला चावता येत नाही, गिळता येत नाही. म्हणून दुसरी एक बारीक नळी नाकातून पोटात सोडतात आणि तिच्यातून दर दोन तासांनी दुधासारखं पातळ अन्न, म्हणजे फीड, देतात. कोणत्या मुलाला किती, त्यात प्रथिनं किती, स्निग्ध किती, हा हिशेब माझा. ते मुलाच्या पोटात घालणं तुझं.

माझा हिशेब चोख असायचा. निळ्या शाईने आखलेला तक्ता, खाटेचा नंबर, वजन, वेळ, मिलीलीटर, आणि शेवटच्या रकान्यात 'पूर्ण'. दादरच्या इंग्रजी शाळेत आणि नंतर कॉलेजात मला जे शिकवलं ते मी त्या तक्त्यात ओतलं होतं. तू पहिल्याच आठवड्यात म्हणाली होतीस, "मॅडम, तुमचा तक्ता एवढा सुंदर आहे, त्याला फ्रेम करा. पोरांना आपण दुसरं काहीतरी देऊ." तेव्हापासून तू मला आवडत नव्हतीस. हे तुला माहीत होतं.

मग राजोडीची तेजू आली. तीन वर्षांची, कोळ्यांची पोर, दोन्ही फुप्फुसं न्यूमोनियाने भरलेली. पाचवी खाट. अकरा दिवस ती यंत्रावर होती. बाराव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिच्या तोंडातली नळी काढून बघितली. तासाभरात ती थकली. छातीच्या फासळ्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ निळे झाले, आणि नळी परत घालावी लागली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "फुप्फुसं सुधारलीत. पण श्वास ओढायला अंगात ताकद नाही. स्नायूच उरले नाहीत. पाच दिवसांनी पुन्हा बघू. तेव्हाही नाही जमलं तर गळ्याला छेद द्यावा लागेल." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला फीड नीट जातंय ना?"

मी तक्ता पुढे केला. पूर्ण, पूर्ण, पूर्ण.

तू तक्ता वाचलास आणि पाचव्या खाटेकडे वळलीस. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून फीड रूममध्ये आले, तर माझ्या टेबलावर सहा बाटल्या ओळीने मांडलेल्या. सहाही भरलेल्या. सहांवर माझ्याच अक्षरातलं लेबल : खाट ५. तू टेबलाच्या पलीकडे हाताची घडी घालून उभी.

"हे काय आहे, सिस्टर?"

"पोर जेवली ना पोटभर तुमच्या कागदावर. हे तिचं जेवण."

"ह्या शिळ्या बाटल्या इथे कशाला आणल्यात? मावशींनी ओतून का नाही दिल्या?"

"रोजच ओततात. मीच म्हटलं मावशीला, कालच्या-आजच्या दोन दिवसांच्या ठेव जरा. मॅडमना दाखवू."

मी चिडले. खोटं कशाला सांगू, आवाज चढला माझा. "फीड का बंद होतं हे तुमच्या वॉर्डाचं काम आहे. मी पाठवते ते वेळेवर पाठवते."

"बंद करायला प्रत्येकाकडे कारण असतं," तू म्हणालीस. "काल सकाळी नळी काढायची म्हणून बंद. बरोबरच आहे, पोट रिकामं पाहिजे. नळी परत घातली, मग एक्स-रे. मग स्कॅनला न्यायचं म्हणून बंदच ठेवा. स्कॅनचं मशीन बिघडलं. दुरुस्त झालं तर स्कॅनवाले जेवायला गेले. मग ड्यूटी बदलली. बंद कोणी केलं ते सगळ्यांना माहीत. सुरू कोणी करायचं?" मग तू हळू म्हणालीस, "मीपण विसरले, मॅडम. माझीपण एक बाटली आहे ह्याच्यात. ती चौथी."

मी खाली बसले. इतकी वर्षं मी जे लिहीत होते ते मी पाठवलेलं अन्न होतं. पोटात गेलेलं नव्हे. दोन्हींच्या मध्ये एक जिना, एक लिफ्ट आणि एक अख्खा वॉर्ड होता, आणि मी त्याच्यावरून 'पूर्ण' असं लिहून उडी मारत होते.

तू स्टूल ओढून बसलीस आणि पहिल्यांदा मला 'मॅडम' म्हणाली नाहीस. "सुधा, घरी पोर उपाशी राहिलं तर काय करतं? भोकाड पसरतं. आई हातातलं टाकून उठते. ह्या पोरीच्या तोंडात नळी. वर झोपेचं औषध. ही रडणार कशी? हिच्या बदली कोणीतरी रडायला पाहिजे."

पोरांनो, युक्ती इथून सुरू होते. मी तेव्हा काय सुचवलं सांगू? नवा तक्ता. 'फीड थांबवल्याची वेळ', 'पुन्हा सुरू केल्याची वेळ', 'सही'. तू हसलीस. "अजून एक कागद? मेला तो कागद रडतो का?"

दुसऱ्या सकाळी तू पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक स्टीलचा चमचा काढलास. जेवणाचा, साधा, तुझ्या घरातला. गॉझच्या पट्टीने तो तेजूच्या सलाईनच्या स्टँडला बांधलास आणि सगळ्यांना बोलावून नियम सांगितलास. फीड चालू असताना चमचा मागे, स्टँडच्या पाठीला. फीड ज्याने थांबवलं, मग तो कोणीही असो, त्याने चमचा पुढे आणून लटकवायचा. फीड सुरू केलं की मागे न्यायचा. बस.

"किती उंचीवर लटकवायचा?" नव्या सिस्टरने विचारलं.

"डॉक्टरांच्या कपाळाला लागेल इतक्या."

आणि लागला! पहिल्याच दिवशी. मोठे डॉक्टर सहा फुटांचे. तेजूला तपासायला वाकले आणि टण्ण झालं.

"काय आहे हे?"

"फीड थांबलंय, सर."

"का थांबलंय?"

"तुम्ही तपासणार म्हणून."

"मी छाती तपासतोय, सिस्टर, पोट नाही. सुरू करा."

मी दाराशी उभी होते. कपाळ चोळत त्यांनी स्वतःच्या हाताने चमचा मागे ढकलला, तेव्हा तू माझ्याकडे बघून फक्त एक भुवई उचललीस.

पण चमचा खरा चालवला तो तूही नाही आणि मीही नाही. तो चालवला तेजूच्या आजीने. हिराबाय. नऊवारी, कानात जड सोनं, हाताला मासळीचा वास, आणि भेटीच्या वेळी दारात सगळ्यांत आधी हजर. तिला कोणी नियम सांगितला नव्हता. तिने पुढे लटकलेला चमचा बघितला आणि सरळ समजली की हा पोरीला भरवायचा चमचा आहे.

"ए बाय! मी आल्यापासना बघतंय, चमचा नुस्ता लटकलाय. कोनी भरवीत का नाय माझे पोरीला?"

नवी सिस्टर समजावायला गेली. "आजी, चमच्याने नाही भरवत. नळीने…"

"नलीने भरवा, नायतं हाताने भरवा. पन भरवा! पानी तरी घाला पोटात!"

सिस्टरने घड्याळ बघितलं आणि तिच्या लक्षात आलं, फीड सुरू करायला चाळीस मिनिटं उशीर झाला होता. आजी चुकली होती आणि आजीचंच बरोबर होतं. तू मला फोनवर सांगताना हसून हसून खोकायला लागलीस. "सुधा, सापडलं! ट्रेनिंग नको, कागद नको. रिकामा चमचा म्हणजे पोर उपाशी, हे आख्ख्या वसईत कोणाला शिकवायला लागत नाही." दोन दिवसांत बाकीच्या पाच खाटांचे नातेवाईकही चमच्यावर लक्ष ठेवायला लागले. "सिस्टर, आमचा चमचा पुढे आलाय." "सिस्टर, आमच्या पोराला चमचाच नाही, का?" म्हणून मी बाजारातून आणखी पाच चमचे आणले, सगळे एकसारखे, साधे. संसर्ग रोखणाऱ्या खात्याच्या बाईंनी गॉझच्या पट्टीवर आक्षेप घेतला. रास्त आक्षेप. तू पडद्याच्या दांड्याचे सहा स्टीलचे हूक आणलेस. चमचे आणि हूक रोज उकळून निघायला लागले.

आणि ते चार दिवस! सेलिन, माझ्या नोकरीत तसे दिवस मी पुन्हा जगले नाही. तेजूचं पोट बराच वेळ रिकामं राहिलेलं, एकदम पूर्ण दिलं असतं तर उलटलं असतं. म्हणून वीस मिलीपासून सुरुवात, गाठायचे नव्वद. तू वॉर्डातल्या फोनवरून मला फक्त आकडा आणि एक शब्द सांगायचीस.

"वीस. राहिलं."

"तीस. राहिलं."

"चाळीस. पोट जरा फुगलंय. थांबते एक तास."

तो तास मी फीड रूममध्ये बसून काढला नाही. जिने चढले, वर आले, चमचा पुढे होता. तासाने तू तेजूच्या पोटावर तळवा ठेवलास, मापाची पट्टी फिरवलीस आणि म्हणालीस, "मऊ आहे. दे." मला म्हणालीस. नियमाने मी फीडला हात लावायचा नव्हता. मी फक्त बाटली तुझ्या हातात दिली.

"पन्नास. राहिलं."

"सत्तर. राहिलं."

फीड रूमच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर मी प्रत्येक आकडा लाल पेनाने लिहिला. आमच्या तिथल्या बायका विचारायला लागल्या, मॅडम, आता किती? जणू कोणाची मॅच चालू होती. चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला आणि तू आकडा सांगायच्या आधीच मला तुझ्या श्वासावरून कळलं.

"नव्वद! राहिलं गो बाय, राहिलं!"

पाचव्या दिवशी नळी काढली. तू मला आधी सांगितलं नव्हतंस. बरं केलंस. दोन तासांनी फोन आला, "वर ये." मी आले. तेजू मास्क लावून बसली होती, छाती वर-खाली होत होती, पण तिची ती, स्वतःच्या जोरावर. केवळ अन्नाने ती वाचली असं मी म्हणणार नाही. औषधं होती, डॉक्टर होते, तिचं स्वतःचं कोळ्याचं रक्त होतं. पण त्या दिवशी श्वास ओढायला तिच्याकडे काहीतरी होतं. पाच दिवसांपूर्वी ते नव्हतं. एवढं मी कोणासमोरही सांगेन.

गिळणं नीट आहे ना, हे बघून डॉक्टरांनी तोंडावाटे द्यायला परवानगी दिली, तेव्हा मी स्वतः मुगाचं पाणी करून नेलं. गाळून, कोमट, चिमूटभर मीठ. तेजूने एक चमचा घेतला आणि माझ्या साडीवर थुंकला. मग घोगऱ्या आवाजात पहिला शब्द बोलली.

"बोंबील."

हिराबाय तोंडाला पदर लावून रडायला लागली. तू भिंतीला टेकून हसत होतीस. "घ्या मॅडम. तुमच्या तक्त्यात बोंबलाचा रकाना आहे का?"

इथपर्यंतचं सगळं मी पोरांना मे महिन्यात सांगितलं होतं. फक्त त्यात जिथे जिथे तू आहेस, तिथे तिथे मी होते.

पुढचं आता सांगते. हे तुझ्याशी मी कधी बोलले नाही.

त्या वर्षीच्या इस्पितळाच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावलं. अधीक्षक माइकवर म्हणाले, "आपल्या आहारतज्ज्ञ सुधाताईंची ही कल्पना." माझ्या हातात शाल आणि नारळ आला, माइकही आला. तू तिसऱ्या ओळीत, गणवेशातच, ड्यूटीवरून सरळ आलेली. मला एक नाव घ्यायचं होतं. मी म्हणाले, "हे आमच्या टीमचं यश आहे." टीम! केवढा मोठा शब्द. त्याच्यामागे तुला सहज लपवता आलं. तू टाळ्या वाजवल्यास. चांगल्या जोरात.

दुसऱ्या दिवशी फोन केलास. "नारळ गोड निघाला का गं?"

"हो," मी म्हणाले.

"मग झालं तर."

एवढंच. तू रागावली असतीस तर मी माफी मागितली असती. तू रागावली नाहीस म्हणून मी राहू दिलं. मग कोणी विचारलं तर मी सांगायचे, आम्ही असं केलं. काही वर्षांनी, मी असं केलं. निवृत्त झाल्यावर तर मला खरंच तसं आठवायला लागलं. स्मरणशक्तीवर माझा फार विश्वास होता, जसा त्या तक्त्यावर होता. रकान्यात लिहिलंय म्हणजे घडलंय.

भांडायला आपल्याकडे दुसरे विषय भरपूर होते. फीडची सिरिंज आईच्या हातात द्यावी, असं तू म्हणायचीस. "तेवढं तरी करू दे तिला. दिवसभर दाराबाहेर बसून माळ ओढते बिचारी." मी म्हणायचे, हात धुणं, वेग, नळी जागेवर आहे ना हे तपासणं, आईला कसं जमेल? वीस वर्षं आपण हे भांडण चालवलं, तुमच्या ओटीवर, आमच्या गॅलरीत, किल्ल्याजवळ चहा पिताना. आता काही ठिकाणी सिस्टर शेजारी उभी राहून आईकडून फीड देववतात म्हणे. मी वाचलं आणि तुला सांगितलं नाही. तू जिंकली असतीस. तरी हात धुण्याबद्दल मी अजून माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

शेवटच्या महिन्यात तुला गिळवेना, तेव्हा नाकातून नळी घालावी म्हणून मी हट्ट धरला. तुझ्या मुलांनाही पटवलं. तुझ्यासाठी फीडचा हिशेब करून, निळ्या शाईत, घेऊन आले. तू कागद हातात घेतलास, नीट वाचलास. "प्रथिनं बरोबर धरलीस," म्हणालीस. मग कागद उशीखाली ठेवलास. "नळी नको, सुधा. ती ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी. मला भूक लागली की मी सांगते ना." मी तुझ्यावर रागावून घरी गेले. रिक्षात बसल्यावर मला कळलं की मी तुझ्यावर रागावलेली नव्हते. दुसऱ्या दिवशी पेज घेऊन आले. तू तीन चमचे घेतलेस. चौथ्याला हाताने थांब म्हणालीस. मी थांबले. थांबवण्याचं कारण ह्या वेळी तू स्वतः दिलं होतंस, आणि पुन्हा सुरू कोणी करायचं हा प्रश्न नव्हता.

त्याच दुपारी ईराच्या तक्त्याचा फोटो आला. वर्गात पहिलं बक्षीस! मी इतकी आनंदले की काही विचार न करता फोन तुझ्यापुढे धरला. तू चष्मा मागितलास. चित्र मोठं करून बघितलंस, खालच्या ओळी वाचल्यास. सगळ्या. मी तेव्हा भानावर आले. कान गरम झाले माझे.

तू म्हणालीस, "नाक तुझंच आहे." आणि मग, "चमचा माझा आहे."

आणि हसायला लागलीस, त्या आजारातसुद्धा, उशीवर डोकं टेकून. मी म्हटलं, "मी आजच ईराला सांगते."

"आज नको. बक्षीस मिळालंय पोरीला. खाऊ दे तिला केक. सावकाश सांग."

सावकाश म्हणजे किती ते सांगितलं नाहीस. तीन दिवसांनी तू गेलीस.

तुझ्या मातीला आलेल्यांना चर्चच्या आवारात जागा पुरली नाही. जुन्या सिस्टर आल्या होत्या, वॉर्डातली मावशी आली होती, तुमच्या वाडीतले सगळे, आणि राजोडीहून एक उंच मुलगी, मासळी कंपनीत सुपरवायझर. तिने माझे हात धरले. मला वाटलं ती माझे आभार मानणार. ती म्हणाली, "सेलिन मावशीचा चमचा अजून आहे का हो तिथे? आजी मरेपर्यंत त्याच्याबद्दल सांगायची. आजीला माहीत होतं कोणाचा ते."

हिराबायला माहीत होतं! एका भेटीच्या वेळेत तिला समजलं होतं.

म्हणून परवा मी इस्पितळात गेले. वॉर्ड आता नवा, काचेचा. फीडसुद्धा पंपाने जातं, आणि ते थांबलं की पंप ओरडतो. मी आताच्या इनचार्ज सिस्टरला विचारलं, "मग चमचे काढले असतील ना?"

"छे! पंपाचा आवाज बटण दाबून बंद करता येतो, मॅडम. चमच्याला कुठे बटण आहे?"

सहा स्टँड, सहा हूक, सहा चमचे. पाच माझे, गुळगुळीत. पाचव्या खाटेचा वेगळा, जड, कडा झिजलेल्या. मी तो चष्म्याजवळ नेला. दांडीवर यंत्राने ठिपक्या-ठिपक्यांत कोरलेली अक्षरं, पुसट झालेली, तरी वाचता येतील अशी. 'सेलिन हिस आईकडून.' तुझ्या लग्नातल्या भांड्यांतला होता तो. इतकी वर्षं तुझं नाव त्या वॉर्डात लटकत होतं, डॉक्टरांच्या कपाळाच्या उंचीवर. मी कधी वाचलं नव्हतं. आणि तू कधी दाखवलं नाहीस.

सिस्टरच्या परवानगीने मी उरलेले पाच चमचे एका सकाळपुरते मागून घेतले आणि वसईच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात गेले.

"नाव घालायचंय."

"पाचही चमच्यांवर? लग्न आहे का, आजी?"

"नाही."

"काय घालू?"

"सेलिन."

"आडनाव?"

"नको. तेवढंच."

"आणि कोणाकडून?" त्याने यंत्र हातात धरून विचारलं. भेट म्हटली की 'कोणाकडून' हे कोरायचंच, अशी त्याची सवय. क्षणभर मला मोह झाला. खरं सांगते, झाला. केवढं छोटं आहे माझं नाव.

"कोणाकडूनच नाही," मी म्हणाले. "तिचेच आहेत."

ईरा, तक्त्यातलं चित्र बदलायची गरज नाही. नाक राहू दे. फक्त चमच्यावर सेलिनचं नाव लिही, वरचं 'माझ्या घरातली' खोड, आणि खालच्या ओळीत 'माझ्या आजीने' खोडून 'माझ्या आजीच्या मैत्रिणीने' असं कर. बक्षीस परत मागितलं तर देऊन टाक. केक तू खाल्लेला आहेस.

दुपारी मी चमचे परत नेले. ते उकळले, पुसले, हुकांना लावले. मी निघाले तेव्हा चार चमचे मागे होते आणि दोन पुढे. लिफ्ट यायच्या आत त्यांतला एक मागे गेला. सहा चमचे आहेत, सहांवर सेलिनचं नाव आहे, आणि सहाही वापरात आहेत.